फॅनी कोपलंड: आजोबांचं पंचतंत्र आणि नातीचा त्रिग्लाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

स्लोव्हेनियातल्या डोंगरांचा विषय निघाला की हे नाव मी कुठून तरी आणतोच, आणि मग ठरलेले प्रश्न येतात. ट्रेकर मंडळींचे वेगळे, भाषावाल्यांचे वेगळे. दोघांचीही उत्तरं इथे एकाच ठिकाणी ठेवली आहेत. क्रम फारसा लावलेला नाही.

फॅनी कोपलंड कोण, हे थोडक्यात सांगा.

१८७२ साली आयर्लंडमध्ये जन्मलेल्या, स्कॉटलंडमध्ये वाढलेल्या आणि पन्नाशीला टेकताना आजच्या स्लोव्हेनियाची राजधानी असलेल्या ल्युब्लियानाला येऊन तिथल्याच झालेल्या भाषाजाणकार, अनुवादक आणि गिर्यारोहक. १९७० साली, शंभरी अगदी जवळ आलेली असताना त्या ल्युब्लियानातच वारल्या. त्यांना त्रिग्लाव पर्वताच्या पायथ्याजवळ दोव्ये गावात पुरलं. बाकी सगळा तपशील खाली येतोच.

म्हणजे त्या स्लोव्हेन नव्हत्या?

रक्ताने नव्हत्या. त्या आल्या तेव्हा स्लोव्हेनिया नावाचा स्वतंत्र देशही नव्हता. १९१८ पर्यंत हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. मग सर्ब, क्रोएट आणि स्लोव्हेन यांचं मिळून एक राज्य झालं, १९२९ मध्ये त्याचं नाव युगोस्लाव्हिया पडलं आणि स्वतंत्र देश व्हायला १९९१ साल उजाडलं. आजही लोकसंख्या वीस लाखांच्या थोडी वर, म्हणजे आपल्या एकट्या नागपूर शहराहून कमी. एवढ्याशा लोकांची भाषा परक्या बाईने शिकावी, त्यांच्यात राहावं, त्यांच्या डोंगरांवर इंग्रजीत पुस्तकं लिहावीत, याचं तिथल्या लोकांना अप्रूप वाटलं असल्यास नवल नाही. त्यांना परकं म्हणायचं की आपलं, हा प्रश्न मला तरी दोव्येच्या दफनभूमीत सुटल्यासारखा वाटतो.

आजोबांचा आणि पंचतंत्राचा काय संबंध?

हा प्रश्न खरं तर कोणी विचारत नाही, मीच विचारायला लावतो. कारण मराठी वाचकाने या बाईंकडे वळून बघावं असं सगळ्यात मोठं कारण इथे आहे.

फॅनीबाईंची आई थिओडोरा ही जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठातले संस्कृतचे पंडित थिओडोर बेनफाय यांची मुलगी. बेनफाय यांनी १८४८ साली सामवेदाची संहिता जर्मन भाषांतरासह छापली, १८६६ साली संस्कृत-इंग्रजी कोश काढला. पण त्यांचं नाव झालं ते १८५९ सालच्या पंचतंत्राच्या जर्मन भाषांतरामुळे. त्याला त्यांनी जी प्रस्तावना जोडली, ती स्वतःच एक जाडजूड ग्रंथ आहे. त्यात त्यांनी गोष्टींचा माग काढला. विष्णुशर्म्याच्या गोष्टी सहाव्या शतकात इराणात पहलवी भाषेत गेल्या. तिथून सिरियाक आणि अरबी भाषांत पोचल्या. अरबीत करटक आणि दमनक या आपल्या कोल्ह्यांचे ‘कलीला’ आणि ‘दिमना’ झाले. पुढे हिब्रू, लॅटिन करत करत त्या युरोपातल्या आजीबाईंच्या तोंडी जाऊन बसल्या. युरोपातल्या बहुतेक लोककथांचं मूळ भारतात आहे, असं बेनफाय यांचं म्हणणं होतं. गंमत म्हणजे प्राण्यांच्या छोट्या बोधकथांच्या बाबतीत त्यांचा कल उलटा होता: त्यातल्या बऱ्याच ग्रीसकडून आपल्याकडे आल्या असाव्यात, असं त्यांना वाटे. नंतरच्या अभ्यासकांनी हा सिद्धांत जसाच्या तसा ठेवला नाही. तरी गोष्टी प्रवास करतात आणि त्यांच्या पाऊलखुणा भाषांतरांत शोधायच्या असतात, ही दृष्टी त्यांनी रुजवली.

बेनफाय ज्यू घरातले. एवढा विद्वान माणूस, पण पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १८६२ साल यावं लागलं, तेव्हा वय पन्नाशीपुढे होतं. १८८१ मध्ये ते गेले तेव्हा नात आठ-नऊ वर्षांची होती.

वडील काय करत?

आकाश बघत. राल्फ कोपलंड हे त्या काळचे नावाजलेले खगोलशास्त्रज्ञ. त्यांचा प्रवास मात्र सरळ नव्हता. लँकेशायरमधला हा मुलगा पोरवयात ऑस्ट्रेलियाला गेला, तिथे मेंढ्या राखल्या, सोनं शोधायचा खटाटोप केला, परत येऊन मँचेस्टरला रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात लागला आणि मग ग्रहताऱ्यांच्या नादाने ग्यॉटिंगेनला शिकायला गेला. तिथेच बेनफाय यांच्या घराशी संबंध आला. पहिली बायको वारल्यावर त्यांनी १८७१ मध्ये थिओडोराशी लग्न केलं.

त्यानंतर ते आयर्लंडमध्ये बर गावी लॉर्ड रॉस यांच्या वेधशाळेत कामाला होते. त्या गावाचं तेव्हाचं नाव पार्सन्सटाउन. तिथे ७२ इंची आरशाची दुर्बीण होती, तेव्हा जगातली सगळ्यात मोठी. फॅनीचा जन्म तिथला. पुढे स्कॉटलंडमधल्या डन एक्ट वेधशाळेत तेरा वर्षं काढून १८८९ साली राल्फ स्कॉटलंडचे राजखगोलशास्त्रज्ञ झाले आणि घर एडिनबराला आलं.

डोंगराचं वेडही थोडं याच बाजूचं म्हणायला हरकत नाही. १८६९–७० मध्ये जर्मनांची जी दुसरी उत्तर ध्रुव मोहीम ग्रीनलंडला गेली, तिच्यात राल्फ होते, आणि युलियुस पायर या मुरलेल्या गिर्यारोहकाबरोबर तिथल्या फ्रान्झ योझेफ फ्योर्डजवळचं एक बर्फाळ शिखर ते चढले होते. बाप ध्रुवाकडे जाऊन आलेला आणि आई संस्कृत पंडिताची लेक. अशा घरात जेवताना काय गप्पा होत असतील, याची मला फार उत्सुकता आहे.

हे राल्फ कोपलंड भारतात आले होते, हे खरं का?

खरं आहे. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं. सावलीचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून शिरून देशावरून, वऱ्हाडातून, मध्य प्रांतातून पुढे बक्सरकडे गेला. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ त्या पट्ट्यावर तंबू ठोकून बसले. हीलियमचा शोध ज्यांच्या नावाशी जोडला जातो ते नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले नायगमवाला आपली उपकरणं घेऊन जेऊरला होते. आणि राल्फ कोपलंड यांनी मध्य प्रांतातल्या घोगली इथून वेध घेतले. प्रांताची राजधानी अर्थात नागपूर. आपल्याकडे विजयदुर्गाची आठवण निघते, घोगलीची कोणी काढत नाही.

फॅनीबाईंचं तेव्हा लग्न झालेलं होतं. त्या स्वतः भारतात आल्याची नोंद माझ्या वाचनात नाही, आणि उगाच जोडून द्यायची मला हौस नाही.

संसाराचं काय झालं?

१८९४ साली जॉन बार्कवर्थ या संगीतकाराशी लग्न झालं. तीन मुलं झाली. लग्न टिकलं नाही. पुढे पुस्तकांवर त्यांनी आपलं माहेरचं नाव लावलं. एवढंच पुरे.

मग स्लोव्हेन भाषेशी गाठ कुठे पडली?

लंडनमध्ये, पहिल्या महायुद्धात. ऑस्ट्रिया-हंगेरीतून निसटून आलेल्या दक्षिण स्लाव पुढाऱ्यांनी १९१५ मध्ये युगोस्लाव्ह समिती स्थापन केली आणि लंडनमध्ये ठाण मांडलं. अध्यक्ष होते दाल्मेशियातले आंते त्रुम्बिच. दोस्तराष्ट्रांना आपली बाजू पटवायची तर इंग्रजीत लिहायला हवं होतं, आणि ते काम करणाऱ्यांत फॅनी कोपलंड होत्या. समितीतले स्लोव्हेन सदस्य बोगुमिल वोश्न्याक यांच्या पुस्तकाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९१७ मध्ये ‘अ बुलवर्क अगेन्स्ट जर्मनी’ या नावाने निघाला. स्लोव्हेन नावाचे लोक युरोपात आहेत, त्यांना स्वतःची भाषा आहे आणि ती टिकवायला ते शेकडो वर्षं झगडत आहेत, ही गोष्ट इंग्रजी वाचकापुढे ठेवणारं ते पुस्तक.

अनुवादकाचं दुखणं असं असतं की एखादा मजकूर महिनोन्महिने उलथापालथा केला की त्यातली माणसं ओळखीची वाटायला लागतात. युद्ध संपलं, समितीचं काम संपलं, आणि १९२१ मध्ये बाईंनी सामान बांधलं.

वयाच्या पन्नाशीला कोणी असं उठून जातं का?

त्या गेल्या. ल्युब्लियानाचं विद्यापीठ १९१९ साली निघालेलं, म्हणजे अगदी नवं कोरं. तिथे इंग्रजी शिकवायला अध्यापक हवे होते आणि त्या लागल्या. आपल्याकडे या वयात लोक निवृत्तीनंतरच्या फ्लॅटचा विचार करतात. यांनी एक गाव, एक नोकरी आणि डोंगरांची एक अख्खी रांग नव्याने सुरू केली.

स्लोव्हेन भाषा मराठी माणसाला कितपत अवघड?

वाटते त्याहून सोपी, आणि सोपी वाटते त्याच्या पुढच्या वळणावर अवघड. लिंगं तीन, आपल्यासारखीच, त्यामुळे नपुंसकलिंग पाहून आपण दचकत नाही. विभक्ती सहा. शब्दांत जुनी ओळख निघते: आकाशाला ‘नेबो’ (आपलं नभ), आगीला ‘ओगेन्य’ (अग्नी), पाण्याला ‘वोदा’ (उदक), जाणणे म्हणजे ‘वेदेति’ (वेदातला तोच विद्). तीनला ‘त्रि’. डोंगराला ‘गोरा’, आणि हा संस्कृतातल्या ‘गिरि’चा सख्खा भाऊबंद आहे.

स्वर न दिसणारे शब्द बघून लोक घाबरतात. शिखराला ‘व्र्ह’, एका डोंगराचं नाव ‘क्र्न’. तिथला र हा ऋसारखा म्हणायचा. ‘वृक्ष’ म्हणताना जीभ जशी फिरते तशी फिरवा, जमतं. इंग्रज माणसाला इथे घाम फुटतो.

खरी गंमत द्विवचनाची. संस्कृतात होतं, मराठीत येईपर्यंत गळून गेलं. स्लोव्हेनमध्ये ते आजही भाजीबाजारात वापरतात. एक डोंगर ‘गोरा’, दोन डोंगर ‘गोरि’, तीन डोंगर ‘गोरे’. आता संस्कृत म्हणून बघा: गिरिः, गिरी, गिरयः. दोन्हीकडे द्विवचनाच्या शेवटी ‘इ’ येतो हा योगायोग आहे, शब्दांचं मूळ मात्र एकच. पाचापासून पुढे पुन्हा नवा घोळ: तिथे मोजलेली वस्तू षष्ठीत जाते, ‘पाच डोंगरांचे’ म्हटल्यासारखी. आणि ‘आपण दोघे’ म्हणायला ‘मिद्वा’, ‘आपण दोघी’ म्हणायला ‘मिद्वे’. दोघे-दोघी-दोघं असा फरक करणाऱ्या मराठी कानाला हे ऐकून बरं वाटतं.

बेनफाय यांनी १८६९ मध्ये भाषाशास्त्राचा एक मोठा इतिहास लिहिला होता. त्यांच्या नातीने आयुष्याची दुसरी खेप एका जिवंत द्विवचनाच्या गावात काढली, हे मला फार आवडतं.

त्यांना ‘भाषापंडित’ म्हणणं जरा जास्त होत नाही का?

व्याकरण किंवा कोश लिहिणाऱ्या या अर्थाने म्हणाल तर हो, जास्त होतं. त्यांचं काम वाहून नेण्याचं होतं. अनुवाद, अध्यापन, आणि स्लोव्हेन लोककथा-दैवतकथांवरचं इंग्रजी लेखन. ‘फोकलोर’ या लंडनच्या नियतकालिकात त्यांचा स्लोव्हेन लोकविद्येवरचा लेख १९३१ साली आला, ‘स्लाव्होनिक रिव्ह्यू’मध्ये स्लोव्हेन पुराणकथांवरचा १९३३ साली, आणि १९४९ मध्ये ‘फोकलोर’मध्ये पुन्हा एक. तोवर त्यांची सत्तरी उलटून गेली होती.

गोष्टी एका भाषेतून दुसरीत कशा जातात हे आजोबांनी पोथ्या जुळवून शोधलं. नातीने त्या स्वतः पाठीवर घेतल्या. हिशेब कोणाचा मोठा ते सांगायला मी बसलेलो नाही, पण आजोबांच्या प्रस्तावनेत जे बिनचेहऱ्याचे दुभाषे आणि भाषांतरकार दिसतात, त्या रांगेत या बाई आपसूक उभ्या राहतात.

त्या डोंगरातली एखादी लोककथा सांगाल?

झ्लातोरोगची सांगतो, कारण त्रिग्लावच्या भागात गेलात तर ती टाळता येत नाही. बिअरच्या बाटलीवरसुद्धा तो बोकड आहे.

‘झ्लातो’ म्हणजे सोनं, ‘रोग’ म्हणजे शिंग. नावावर जाऊ नका, आजाराशी संबंध नाही. हा पांढरा शुभ्र रानबोकड, युरोपात शॅमॉय म्हणतात त्या जातीचा, शिंगं सोन्याची. त्रिग्लावच्या भोवती तेव्हा दगड नव्हते, हिरवीगार बाग होती, आणि तिथे पांढऱ्या वस्त्रांतल्या वनदेवता राहत. बोगातिन डोंगरात सोन्याचा साठा होता आणि त्याची राखण झ्लातोरोगकडे.

खाली त्रेन्ता खोऱ्यात एक तरुण शिकारी होता. त्याचं प्रेम एका खानावळवाल्या बाईच्या मुलीवर. एके दिवशी व्हेनिसचा व्यापारी आला, दागिने दाखवले, मुलगी भुलली आणि शिकाऱ्याला टोचून बोलली की डोंगरातलं सोनं तुला माहीत, पण मला कधी एक फूल तरी आणलंस? पोरगं दुखावलं. ‘हिरवा शिकारी’ म्हणून एक वाईट माणूस त्याला भेटला, त्याने फूस लावली आणि दोघं रात्रीच वर निघाले. शिकाऱ्याने झ्लातोरोगला गोळी घातली. रक्ताचे थेंब जिथे पडले तिथे बर्फातून लाल-गुलाबी फुलं उगवली. झ्लातोरोगने ती खाल्ली आणि जखम भरून आली. मग तो उलटला. उगवत्या सूर्यात शिंगं अशी झळाळली की शिकाऱ्याचे डोळे दिपले आणि तो कड्यावरून गेला. संतापलेल्या झ्लातोरोगने ती सगळी बाग खुरांनी आणि शिंगांनी उद्ध्वस्त केली. आज त्रिग्लावच्या सात सरोवरांच्या खोऱ्यात जो उघडा, खाचाखोचांचा चुनखडक दिसतो तो तेव्हापासूनचा. वसंतात सोचा नदीला पूर आला, तेव्हा शिकाऱ्याचं प्रेत वाहत खाली आलं. हातात त्या फुलांचा गुच्छ होता.

ही कथा १८६८ साली कार्ल डेशमान यांनी ल्युब्लियानाच्या जर्मन वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापली. कांचनमृगाच्या मागे कोणाला पाठवू नये, हे आपल्याला रामायणापासून माहीत आहे. या कथेत मात्र मृग मायावी नाही आणि मरतही नाही. तो डोंगराचा मालक आहे, आणि राग आल्यावर भूगोल बदलतो.

त्रिग्लाव किती उंच, किती कठीण? आपल्याकडच्या ट्रेकरला जमेल का?

उंची २८६४ मीटर. आपली कळसूबाई १६४६. पण उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. क्रेदारित्सा नावाच्या खांद्यावर २५१५ मीटरला डोंगरातलं मोठं विश्रामघर आहे, तिथे मुक्काम करून बहुतेक लोक पहाटे निघतात. तिथून पुढची तास-दीड तासाची वाट म्हणजे धारेवरचा खडक. त्यात लोखंडी खुंट्या ठोकलेल्या, पोलादी दोर बांधलेले. दोन्ही बाजूंना खोल. कळसूबाईच्या शिड्यांवर ज्यांचे पाय थरथरत नाहीत आणि रॉक पॅचवर हात कुठे घालायचा ते ज्यांना कळतं, त्यांना उन्हाळ्यात चांगल्या हवेत जमतं. हेल्मेट आणि सेल्फ-बिले (स्वतःला पोलादी दोरात अडकवून घ्यायचं साधन) लागतंच. दुपारच्या वादळात त्या लोखंडाला धरून उभं राहायचं नसतं. वीज पडते.

उत्तरेकडची भिंत हा वेगळाच मामला. खाली व्राता खोऱ्यापर्यंत सुमारे हजार मीटर सरळ उतरते. ती गिर्यारोहकांची, पर्यटकांची नाही.

पहिल्यांदा माथ्यावर पोचणाऱ्याचा तिथे ‘बाप्तिस्मा’ करतात: वाकवून ढुंगणावर दोराचे फटके. त्यातून मोठमोठी माणसंही सुटत नाहीत.

‘त्रिग्लाव’ म्हणजे तीन डोक्यांचा. संस्कृतात त्रिशिर. देशाच्या झेंड्यावर हाच डोंगर आहे. माथ्यावर पहिली नोंदलेली चढाई २६ ऑगस्ट १७७८ ची, झिगा झोइस या धनिकाच्या प्रोत्साहनाने चार स्थानिकांनी केलेली. म्हणजे आल्प्समधल्या सगळ्यात उंच माँ ब्लाँच्या पहिल्या चढाईच्याही आठ वर्षं आधी.

फॅनीबाई किती मोठ्या गिर्यारोहक होत्या?

खरं सांगायचं तर त्यांच्या नावावर कुठल्या भिंतीची पहिली चढाई मी तुम्हाला दाखवू शकत नाही. त्या काळातल्या मोठ्या स्लोव्हेन बाई म्हणजे मीरा मार्को देबेलाकोवा. १९२६ मध्ये स्टाने टोमिन्शेकबरोबर तिने श्पिक शिखराची उत्तर भिंत चढून काढलेली वाट आजही तिच्याच नावाने ओळखतात. वय तेव्हा बावीसच्या आसपास.

फॅनीबाईंनी डोंगर चालले, चढले, आणि मग ते इंग्रजीत आणले. १९३१ मध्ये युगोस्लाव्ह आल्प्सवर त्यांचं ‘ब्युटिफुल माउंटन्स’ आलं. १९३६ मध्ये त्यांनी आणि देबेलाकोवाने मिळून ब्रिटिश आणि अमेरिकन पर्यटकांसाठी स्लोव्हेन आल्प्सची छोटी मार्गदर्शिका काढली. एक चौसष्ट वर्षांची, दुसरी बत्तीस. एकीला भिंतीची प्रत्येक खाच माहीत, दुसरीला ती खाच इंग्रजीत कशी सांगायची ते माहीत. इथे ‘मिद्वे’ हे रूप वापरायला हरकत नाही.

मार्गदर्शिका हा साहित्यप्रकार लोक कमी लेखतात. ज्याने भैरवगडावर चुकीच्या पुस्तकातली ‘डावीकडची वाट’ धरून दुपार घालवली आहे, तो कमी लेखणार नाही.

त्या काळी त्रिग्लाव कोणत्या देशात होता?

दोन देशांत. १९२० च्या रापाल्लो तहाने इटली आणि नव्या राज्याची सीमा थेट त्रिग्लावच्या माथ्यावरून गेली. झ्लातोरोगचं त्रेन्ता खोरं आणि सोचाकाठचा सगळा पश्चिम भाग इटलीत गेला. तिथल्या शाळांतून १९२३ पासून स्लोव्हेन भाषा हद्दपार व्हायला लागली. म्हणजे फॅनीबाई ज्या वर्षांत ल्युब्लियानात बसून ही भाषा इंग्रजांना समजावत होत्या, त्याच वर्षांत माथ्याच्या पलीकडच्या उतारावर ती भाषा वर्गात बोलायला मुलांना बंदी होती. तिथले डोंगर पाहताना हे डोक्यात ठेवलं नाही तर त्या लोकांचं त्रिग्लावबद्दलचं हळवेपण आपल्याला नुसतं भाबडं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात काय झालं?

एप्रिल १९४१ मध्ये इटलीने ल्युब्लियाना घेतलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये अख्ख्या शहराला काटेरी तारेचं कुंपण घातलं आणि मधे मधे चौक्या बसवल्या. ब्रिटिश असलेल्या फॅनीबाईंना इटलीत नेऊन स्थानबद्ध केलं. सत्तरीच्या घरातली बाई. युद्धानंतर त्या पुन्हा ल्युब्लियानाला आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. तारेचं कुंपण जिथून जायचं तिथे आता झाडं लावलेली फिरायची वाट आहे, शहराला पूर्ण वळसा घालणारी. सकाळी लोक तिच्यावर कुत्री फिरवतात.

८६ व्या वर्षी त्रिग्लाव चढल्याची गोष्ट खरी की दंतकथा?

खरी. वयाच्या ८६ व्या वर्षी त्या शेवटचं त्रिग्लावच्या माथ्यावर गेल्या. वरच्या खुंट्या आणि दोरांचं वर्णन आधी केलंच आहे, ते पुन्हा एकदा वाचा आणि मग आपल्या घरातल्या ८६ वर्षांच्या माणसाकडे बघा.

माझ्या ओळखीतले एक काका हे ऐकून म्हणाले होते, “त्यांच्या गुडघ्यांचा डॉक्टर कोण होता, ते आधी सांग.”

दोव्येलाच का पुरलं?

याची उकल दोव्येच्या एका पाद्र्याकडे बघितल्यावर होते. याकोब आल्याझ, १८८९ पासून तिथले धर्मगुरू, हौशी संगीतकार आणि पक्के डोंगरवेडे. त्या काळी आल्प्समध्ये जर्मन संस्थांनी विश्रामघरं बांधायचा, वाटांना जर्मन पाट्या लावायचा सपाटा लावला होता. आल्याझ यांनी त्रिग्लावचा माथाच विकत घेतला, एक गुल्डन (तिथलं तेव्हाचं नाणं) देऊन. विकणाऱ्या पंचायतीलाही तो दगडाचा तुकडा घेणारं गिऱ्हाईक भेटल्याचं आश्चर्य वाटलं असणार. १८९५ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तिथे पत्र्याचा एक गोल मनोरा उभा केला. हमालांनी सुटे भाग पाठीवरून वर नेले. चार-पाच माणसं अंगाला अंग लावून आत मावतील एवढाच. वर शंकूचं टोपण आणि एक छोटा लोखंडी झेंडा. आजही तोच आहे, २०१८ मध्ये दुरुस्तीसाठी हेलिकॉप्टरने खाली आणून परत नेऊन ठेवला.

आल्याझ १९२७ साली गेले, दोव्येलाच पुरले. डोंगरावर आपल्या भाषेचं नाव राहावं म्हणून खटपट केलेल्या माणसाच्या गावात, परभाषेतून येऊन तीच भाषा उचललेली बाई विसावली. मला हा शेजार फार योग्य वाटतो.

त्यांचं नाव कसं उच्चारायचं? आणि बाकीची नावं?

कोपलंड किंवा कोपलँड, दोन्ही चालेल. ‘ल्युब्लियाना’ म्हणताना घाई करू नका. ‘त्रिग्लाव’मधला शेवटचा व ओठ गोल करून, जवळजवळ ‘त्रिग्लाउ’. ‘त्स’ जिथे दिसेल तिथे आपला ‘चमचा’तला च उपयोगी पडतो, तालव्य नाही, दंतमूलीय. म्हणून ‘क्रेदारित्सा’ मराठी माणसाला पहिल्या दमात येतं.

दोव्येला जायचं तर कसं?

ल्युब्लियानाहून येसेनित्सेपर्यंत रेल्वे, पुढे सावा नदीच्या खोऱ्यातून बस. मोयस्त्राना गावाशी उतरायचं. तिथे गिर्यारोहणाचं संग्रहालय आहे, पाऊस असेल तर आधी ते उरका. नदीच्या पलीकडे चढावर दोव्ये. हमरस्त्यालगतच आल्याझचा पुतळा लागतो, हात वर करून त्रिग्लावकडे बोट दाखवणारा. ढग नसतील तर त्या बोटाच्या रेषेत डोंगर दिसतो, असतील तर नुसतं बोट. मग गावात चढून चर्चपाशी या आणि दफनभूमीत नाव शोधा. फुलं न्यायची तर खालच्या गावातूनच घ्या, वर दुकान नाही असं समजून चला.